कर्करोग माणसाला कसा उमगला

कॅन्सर हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पण ते मोठ्याने घ्यायला माणूस कचरतो. "त्यांना तो आजार झालाय म्हणे," असे हळू आवाजात सांगतात. कोणी म्हणतो, मागल्या जन्मीचे पाप. कोणी म्हणतो, भाऊबंदांनी करणी केली. कोणी रोग्याचे ताट-तांब्या वेगळे काढून ठेवतो. रोगी बिचारा अर्धा रोगाने खचतो आणि अर्धा या वागण्याने.

हा रोग म्हणजे काय, तो कशाने होतो, हे माणसाला एका दिवसात कळले नाही. त्याला हजारो वर्षे लागली. ती हकीकत या पाठात सांगायची आहे. ती मोठ्या डॉक्टरांची आहे, तशीच धुराडी झाडणाऱ्या गरीब पोरांची आहे. आपल्या बार्शी-परांड्याकडच्या बायकांचीही आहे.

फार जुन्या काळापासून सुरुवात करू. इजिप्त देशात लव्हाळ्यासारख्या गवतापासून कागद करीत. तसल्या कागदावर लिहिलेले वैद्यकीचे एक बाड १८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने विकत घेतले. ते बाड साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहे. जखम कशी बांधावी, मोडलेले हाड कसे बसवावे, हे त्यात एकेक करून लिहिले आहे. एके ठिकाणी छातीवर आलेल्या गाठीचे वर्णन आहे. ती हाताला गरम लागत नाही, तिच्यात पू नसतो, असे लिहिले आहे. पुढे उपाय लिहायची जागा आली. तिथे त्या वैद्याने लिहून ठेवले, की याला उपाय नाही. खोटा उपाय सांगून पैसे उकळण्यापेक्षा हे किती बरे!

आपल्याकडे सुश्रुताच्या ग्रंथात 'अर्बुद' या नावाने अशा गाठींचे वर्णन आहे. गोल, घट्ट, थोडी दुखणारी, खोल मुळाची, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी गाठ. बघा, किती बारकाईने पाहिले आहे! आजही डॉक्टर गाठ चाचपून यातल्याच गोष्टी आधी पाहतो.

आता 'कॅन्सर' हे नाव कुठून आले? सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशात हिपॉक्रेटीस नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. त्याच्या काळी या रोगाला ग्रीक भाषेत खेकडा म्हणू लागले. गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या नांग्यांसारख्या पसरलेल्या दिसत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. लॅटिन भाषेत खेकड्याला 'कॅन्सर' म्हणतात. संस्कृतात खेकडा म्हणजे कर्क. पंचांगातली कर्क रास आपण पाहतो, तिचे चित्र खेकड्याचेच असते. त्यावरून आपण कर्करोग म्हणतो. राशीचा आणि रोगाचा मात्र काडीचाही संबंध नाही. कर्क राशीच्या माणसाने घाबरू नये!

नाव मिळाले, पण कारण मिळाले नाही. रोम शहरात सुमारे अठराशे वर्षांपूर्वी गॅलन नावाचा वैद्य होता. आपल्याकडे वात, पित्त, कफ म्हणतात, तसे तिकडे शरीरात चार रस आहेत असे मानीत. त्यांतला एक म्हणजे काळे पित्त. हे काळे पित्त साचले की कर्करोग होतो, असे गॅलनने सांगितले. लोकांनी ते हजार-बाराशे वर्षे खरे मानले. मग १५४३ साली व्हेसॅलियस या पंडिताने माणसाची प्रेते स्वतः चिरून, पाहून मोठा ग्रंथ छापला. शरीरात सगळे काही सापडले, पण काळे पित्त काही कोणाला सापडले नाही. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून न पाहता मान डोलावली, की असे होते.

पुढे काही माणसांनी साधाच प्रश्न विचारला. हा रोग कोणाला होतो? आणि कोणाला होत नाही? या प्रश्नानेच खरी वाट सापडली.

लंडन शहरात थंडी फार. घरोघर भिंतीत शेगडी आणि तिच्यावर छपरापर्यंत उंच धुराडे. त्यात दगडी कोळसा जाळीत. धुराडे काजळीने भरे. ते झाडायला आत माणूस मावत नसे. म्हणून गरिबांची पाच-सहा वर्षांची पोरे आत चढवीत. पुष्कळदा पोर उघड्या अंगानेच चढे. अंगभर काजळी बसे. आंघोळ क्वचितच मिळे. हीच पोरे मोठी झाली, की त्यांतल्या काहींच्या अंडकोशाच्या कातडीवर चामखिळीसारखे फोड येत. ते चिघळत आणि माणूस मरे. लोक म्हणत, हा बाहेरख्यालीपणाचा रोग आहे. डॉक्टरही त्याला पारा चारीत. म्हणजे रोग काजळीचा, आणि बदनामी त्या गरिबाची!

पर्सिव्हल पॉट नावाच्या शस्त्रवैद्याने १७७५ साली लिहून काढले, की हा कर्करोग आहे आणि तो कातडीच्या सुरकुत्यांत बसलेल्या काजळीमुळे होतो. अमक्या धंद्यामुळे अमका कर्करोग होतो, हे इतके स्पष्ट पहिल्यांदाच सांगितले गेले. कारण कळले, मग ते बंद झाले का? नाही. १७८८ साली कायदा झाला, की आठ वर्षांखालचे पोर धुराड्यात चढवू नये. तो कोणी पाळला नाही. ही प्रथा १८७५ च्या कायद्याने संपली. मधे बरोबर शंभर वर्षे गेली. युरोपातल्या दुसऱ्या देशांत धुराडी झाडणारे अंगाला घट्ट कपडे घालीत आणि अंग धूत. त्यांच्यात हा रोग फारसा दिसत नसे. १८९२ साली हेन्री बटलिन या डॉक्टरने ते ताडून दाखवले. साबण-पाणी आणि अंगभर कपडा, एवढ्याने जीव वाचत होता.

दुसरी हकीकत इटली देशातली. तिथल्या व्हेरोना शहरात मृत्यूची नोंद नीट ठेवीत. रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरने १७६० पासून १८३९ पर्यंतच्या, म्हणजे ऐंशी वर्षांच्या, नोंदी तपासल्या. १८४२ साली त्याने आपले म्हणणे मांडले. संसारी बायकांना गर्भाशयाचा कर्करोग होतो. पण ख्रिस्ती मठात राहणाऱ्या, लग्न न करणाऱ्या नन बायकांना तो फारच क्वचित होतो. का बरे? त्याला उत्तर सांगता आले नाही. हे कोडे लक्षात ठेवा. पुढे ते सुटणार आहे.

आपल्या देशाकडे या. काश्मीरमध्ये थंडीत लोक 'कांगडी' नावाचे निखाऱ्यांचे मडके अंगरख्याच्या आत पोटाशी धरतात. पोटाची आणि मांड्यांची कातडी वर्षानुवर्षे भाजते. तिथेच काहींना कर्करोग होतो. हे एल्म्स्ली नावाच्या डॉक्टरने १८६६ साली लिहिले.

पण गाठीच्या आत काय असते? ते डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा. बारीक वस्तू मोठी करून दाखवणारे ते यंत्र. आपले शरीर लहान लहान पेशींचे बनलेले आहे, हे त्या यंत्रातून दिसले. मधाच्या पोळ्यात जशी घरे, तशा पेशी. १८५८ साली जर्मनीत रुडॉल्फ व्हिरशॉ यांनी सांगितले, की प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच होते. कर्करोगाची गाठही पेशींचीच, आणि तीही आपल्याच शरीरातल्या पेशींची.

हे नीट समजून घ्या. विळा लागून बोट कापले, तर तिथल्या पेशी वाढतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार. जखम भरून येते. भरली की पेशी वाढायच्या थांबतात. कातडी बोटाबाहेर लोंबत नाही. म्हणजे कधी वाढायचे आणि कधी थांबायचे, हे पेशीला कळते. कर्करोगात एखादी पेशी हे थांबणे विसरते. ती वाढतच राहते. तिची पिल्लेही तशीच. शेतातली हरळी तुम्हांला माहीत आहे. वरून कापली तरी जमिनीखालून मुळी पसरते आणि चार हातांवर पुन्हा डोके काढते. तसेच हे. गाठ लहान असताना मुळासकट काढली तर सुटका. शरीरभर मुळ्या गेल्यावर काम फार अवघड.

आपल्याच पेशी बिघडल्या, म्हणून हा रोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, रोग्याची सेवा केल्याने लागत नाही. ताट-तांब्या वेगळा करण्याचे काही कारण नाही.

उपायांची हकीकत थोडक्यात सांगतो. १८४६ साली गुंगीचे औषध देऊन शस्त्रक्रिया करण्याची रीत अमेरिकेतून सर्वत्र पसरली, तेव्हा गाठी कापून काढणे सोपे झाले. १८९५ साली क्ष-किरण आणि १८९८ साली रेडियम सापडले, तेव्हा किरणांनी गाठ जाळता येऊ लागली. पुढे औषधे आली. मुंबईला परळ भागात टाटा हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले.

त्या हॉस्पिटलात डॉक्टर वसंत रामजी खानोलकर काम करीत. रोगाची गाठ तपासणे हे त्यांचे काम. देशाच्या कानाकोपऱ्यातून रोगी तिथे येत. सगळा देशच एका छपराखाली आल्यासारखा. खानोलकरांनी नुसत्या गाठी पाहिल्या नाहीत. हा माणूस कुठला, खातो काय, ओढतो काय, नेसतो कसा, हेही पाहिले. १९४५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी तीन नव्या तऱ्हा जगापुढे मांडल्या. विशाखापट्टणच्या बाजूला चुट्टा नावाची जाड विडी जळते टोक तोंडात धरून ओढतात. तिथे कर्करोग टाळूला होतो. बिहारकडे तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठामागे धरतात. तिथे तो ओठाला होतो. तिसरी तऱ्हा आणखी वेगळी. कमरेला धोतर घट्ट आवळून नेसायचे, वर्षानुवर्षे त्याच जागी काचत राहायचे, त्या जागी कातडीचा कर्करोग. हा तिसरा अगदी विरळा. पण कमरेवरचा वळ चिघळला आणि भरत नसला तर तो दाखवावा.

म्हणजे तंबाखू तोंडात ज्या जागी बसते, त्याच जागी रोग उठतो. याहून साक्ष ती कोणती हवी? तरी शाळेत मुलांना "तंबाखू वाईट" असे फळ्यावर लिहून देणारा मास्तर मधल्या सुट्टीत चंची सोडून बसलेला मी पाहिला आहे. मुले फळा वाचत नाहीत, मास्तरांना वाचतात. बायकांची मशेरी हीदेखील तंबाखूच. ती भाजली म्हणून तिचे औषध होत नाही.

धूर ओढण्याबद्दल पक्का पुरावा लंडनमध्ये मिळाला. तिथे फुफ्फुसाचा कर्करोग फार वाढला होता. कोणी म्हणे मोटारींचा धूर, कोणी म्हणे रस्त्याचे डांबर. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी रोग्यांना एकेक करून विचारले. १९५० साली हिशेब छापला. फुफ्फुसाचा कर्करोग झालेले ६४९ पुरुष, त्यांत कधीच धूम्रपान न केलेले फक्त २. डॉल स्वतः सिगारेट ओढीत. आकडे हाती येताच त्यांनी ती सोडली.

तुम्ही म्हणाल, "आमचा आजा नव्वद वर्षे जगला, आणि मरेपर्यंत तंबाखू खाल्ली." असेल. दारू पिऊन घाटात गाडी हाकणारा दर वेळी दरीत पडतोच असे नाही. म्हणून कोणी आपल्या लेकराला त्या गाडीत बसवत नाही.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पुरते न उघडणे, अंगावर कुठेही नवी गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, ही चिन्हे दिसली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. ती कर्करोगाचीच असतात असे नाही. पण "दुखत नाही ना, मग राहू दे" असे म्हणून अंगावर काढू नये. आरंभी हा रोग बहुधा दुखत नाही, आणि तेव्हाच तो बरा होण्यासारखा असतो.

आता पेशी थांबणे का विसरते, ते सांगतो. कसे वाढावे, कधी थांबावे, याच्या सूचना पेशीच्या आत जणू लिहून ठेवलेल्या असतात. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. 'बाळ' शब्दातला काना गेला तर काय उरते? 'बळ'. एक रेघ गेली आणि अर्थ पालटला. तंबाखूतली विषे, काजळी, काही किरण यांनी पेशीतल्या लिखाणात अशाच चुका होतात. कधी कशाचा दोष नसताना नुसत्या वयानेही होतात. एका चुकीने सहसा भागत नाही. चुका साठत जातात, म्हणून हा रोग बहुधा उतारवयात दिसतो. १९७६ साली अमेरिकेत बिशप आणि व्हार्मस यांनी दाखवले, की कोंबडीला कर्करोग करणाऱ्या एका विषाणूमधली खराब सूचना मुळात कोंबडीच्या स्वतःच्या पेशीतूनच आलेली होती. रोगाचे बी पेशीतच बिघडते, हे त्यावरून कळले.

आणि व्हेरोनाच्या नन बायकांचे कोडे? ते १८४२ पासून तसेच पडून होते. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ साली गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात एक विषाणू शोधून काढला. तो स्त्री-पुरुष संबंधातून येतो. म्हणून मठातल्या बायका वाचत होत्या. यावरून कोणा बाईला बोल लावू नये. हा विषाणू घरोघरच्या नवरा-बायकोंत असतो, नवऱ्याकडूनही येतो, आणि पुष्कळ बायकांच्या शरीरातून आपोआप निघून जातो. काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षे राहतो, त्यांना धोका. या विषाणूवर २००६ साली लस निघाली. पुण्यात तयार झालेली लस २०२३ पासून मिळू लागली. ती मुलींना साधारण ९ ते १४ वर्षांच्या वयात देतात.

शेवटची गोष्ट आपल्या मुलखातली. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या खेड्यांत कर्करोगाची नोंद सुरू केली. खेड्यांसाठी अशी नोंदवही देशात ही पहिलीच. नोंद घेणारी माणसे गावोगाव फिरत, पारावर, ओट्यावर बसून लोकांशी बोलत, चिन्हे सांगत. काही वर्षांत असे दिसले, की बायका पूर्वीपेक्षा लवकर, रोग थोडा असतानाच, दवाखान्यात येऊ लागल्या. नवे यंत्र आले नव्हते. नुसते बोलणे झाले होते.

मग १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात मोठे काम सुरू झाले. खेड्यांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात धरल्या. शेतात खुरपायला जाणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या आपल्यासारख्याच बायका. काही गावांत विषाणूची तपासणी एकदाच केली. काही गावांत दुसऱ्या दोन तऱ्हांच्या तपासण्या केल्या. उरलेल्या गावांत तपासणी न करता माहिती दिली आणि नेहमीची सेवा ठेवली. आठ वर्षे वाट पाहिली. विषाणूची तपासणी झालेल्या गावांत या रोगाने ३४ बायका मेल्या. तपासणी न झालेल्या गावांत बायकांची संख्या थोडी कमीच होती, तरी ६४ मेल्या. हा हिशेब २००९ साली छापला गेला आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचला.

त्या उरलेल्या गावांतल्या बायकांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, असा प्रश्न पुढे काही डॉक्टरांनी विचारला. प्रश्न रास्त होता. त्या ६४ घरांतल्या माणसांना तो विचारायचा पहिला हक्क आहे.

२०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांना सांगितले, की बायकांसाठी विषाणूची ही तपासणी आधी पसंत करावी. वयाच्या तिसाव्या वर्षापासून, दर पाच ते दहा वर्षांनी एकदा.